स्लॅबनंतर काम थांबलं तर: घराच्या काँट्रॅक्टरची दिरंगाई आणि करार संपवण्याची रीत

स्लॅब पडला की घर झालंच असं मालकाला वाटतं, आणि स्लॅबचा हप्ता मिळाला की आपलं बरंचसं काम उरकलं असं काँट्रॅक्टरला. रखडलेलं घर बहुधा याच टप्प्यावर अडलेलं असतं. वर सेंट्रिंगच्या प्लेटा पडून आहेत, गवंडी दुसऱ्या साईटवर आहेत आणि फोन केला की "सोमवारपासून माणसं लावतो" हे ठरलेलं उत्तर. तो सोमवार नेमका कधीचा, हे कुणी विचारत नाही.

यामागं दर वेळी लबाडी असते असं नाही. हप्त्यांची मांडणीच तशी असते. आपल्याकडच्या करारांत उचल, पाया, प्लिंथ (जोतं), लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी) आणि स्लॅब मिळून साठ-सत्तर टक्के रक्कम निघून गेलेली असते. खरं तर गिलावा, फरशी, वायरिंग, नळकाम, दारं-खिडक्या आणि रंग यांना एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग लागतो. म्हणजे स्लॅबनंतर काँट्रॅक्टरला थोड्या पैशांत जास्त काम ओढायचं असतं. तेवढ्यात बेळगावात अनगोळला किंवा जवळच्या पिरनवाडीला नवं काम आणि नवी उचल मिळाली, की माणसं तिकडं वळतात. एकाच्या उचलीतून दुसऱ्याची सळी घेणं या धंद्यात इतकं सवयीचं झालंय, की करणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

म्हणून करार करतानाच पैसा कामाच्या मागं ठेवायचा, पुढं नाही. स्लॅबपर्यंत निम्म्याच्या फार वर जायचं नाही आणि शेवटचे पाच-दहा टक्के ताबा घेतल्यावर काही महिन्यांनीच द्यायचे. पण हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा करार होऊन गेलेला असणार, पैसेही गेलेले असणार. त्यांच्या दृष्टीनं पुढचं सगळं आहे.

आधी उशीर कुणाचा ते बघा

भांडायला उठण्याआधी एका वहीत दोन रकाने करा. एकात त्याच्यामुळं गेलेले दिवस, दुसऱ्यात आपल्यामुळं गेलेले. दुसरा रकाना रिकामा राहणार नाही. फरशी पसंत करायला तीन आठवडे लावले, देवघराची भिंत बांधून झाल्यावर वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून हलवली, बँकेचा हप्ता सुटला नाही म्हणून बिल थकलं, हे सगळं तिथं येतं. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ६७ सांगतं, की ज्याच्यासाठी काम करायचं त्यानंच लागणारी सोय दिली नाही, तर त्या कारणानं झालेल्या चुकीची जबाबदारी काम करणाऱ्यावर राहत नाही. काम मजुरीवर दिलं असेल, म्हणजे सिमेंट, सळी, खडी आपण पुरवायची आणि त्यानं फक्त माणसं आणायची, तर हा मुद्दा आणखी जड होतो. वाळूचा टिप्पर आला नाही म्हणून गवंडी बसून राहिले, तर तो उशीर आपला.

पावसाचं काय? खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बाहेरचं काम होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण म्हणूनच ती सबब पूर्ण चालत नाही. डिसेंबरात पाया खोदताना ज्यानं "दहा महिन्यांत किल्ली देतो" म्हटलं, त्यानं मधला पावसाळा धरूनच ते म्हटलं असं समजलं जातं. अवेळी झालेली अतिवृष्टी किंवा रस्ता वाहून जाणं वेगळं, नेहमीचा मृगाचा पाऊस वेगळा. शिवाय डोक्यावर स्लॅब असताना आतला गिलावा आणि वायरिंग पावसानं अडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात, गणपतीत किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला माणसं जातात हेही सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. माणसं मिळवणं ही त्याची जबाबदारी आहे.

दोन्ही रकाने मांडून झाले की चित्र बरंच स्वच्छ होतं. आपले वीस दिवस आणि त्याचे शंभर असतील, तर पुढं जायला जागा आहे. उलटं असेल तर करार मोडण्याचा विचार सोडा आणि नव्या तारखा ठरवून घ्या.

गप्प बसण्याची किंमत

आता कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तीच लोकांना माहीत नसते. करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये मुदतीबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली अशी, की ठरलेली वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. दुसरी, वेळ हा गाभा नसेल तर करार रद्द करता येत नाही, पण उशिरानं झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. तिसरी खरी मेख आहे. वेळ हा गाभा असूनही आपण उशिरा झालेलं काम स्वीकारलं, तर भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच "भरपाई मागणार आहे" असं कळवलेलं असेल तरच मागता येते.

म्हणजे प्लिंथ दोन महिने उशिरा झाली, आपण "चालतंय, आता तरी लवकर करा" म्हणून पुढचा हप्ता दिला आणि एक ओळही लिहिली नाही, तर त्या दोन महिन्यांवर आपण जवळपास पाणी सोडलं. आपला समंजसपणा कायद्याच्या नजरेत संमती ठरतो. गावातल्या, ओळखीतल्या, कधी भावकीतल्या माणसाला काम दिलेलं असतं. त्याला लिहून पाठवायचं म्हणजे वाईटपणा घ्यायचा असं वाटतं. मला विचाराल तर हा वाईटपणा पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावा. तेव्हा तो छोटा असतो.

"पण आमच्या करारात तारीख लिहिली आहे, वेळ हा कराराचा गाभा आहे असंही छापलंय," असं कुणी म्हणेल. तेवढ्यावर विसंबू नये. बांधकामाच्या करारात वेळ हा आपोआप गाभा धरला जात नाही. १९७९ साली हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की करारात मुदतवाढीची किंवा उशिराबद्दल दंड लावून काम पुढं चालू ठेवण्याची सोय असेल, तर "वेळ हा गाभा" हे शब्द लिहिलेले असूनही निष्प्रभ ठरू शकतात. आणि आपल्या बहुतेक छापील करारांत नेमकं तेच असतं: वर "वेळ अत्यंत महत्त्वाची" आणि खाली "उशीर झाल्यास दररोज इतका दंड".

यावर उपाय आहे. तारीख उलटून गेल्यावर वाजवी नवी तारीख लेखी द्यायची आणि ती पाळणं अत्यावश्यक आहे असं स्पष्ट लिहायचं. ती तारीखही चुकली, की रद्द करण्याचा हक्क उभा राहतो. वाजवी म्हणजे काय? एका मजल्याच्या आतल्या गिलाव्याला तीन-चार आठवडे देणं वाजवी. चार दिवस देणं म्हणजे आपलीच बाजू लंगडी करणं.

पत्र लांबलचक नको. असं काहीतरी पुरतं:

"करारानुसार गिलावा १५ मार्चपर्यंत पूर्ण व्हायचा होता. आजपर्यंत दोनच खोल्यांचा झाला आहे आणि गेले सतरा दिवस साईटवर कुणी आलेलं नाही. या उशिरामुळं आम्हाला भाडं आणि कर्जाचं व्याज भरावं लागत आहे. त्याची भरपाई मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. उरलेला गिलावा ३० एप्रिलपर्यंत पूर्ण करावा. ही तारीख पाळणं करारासाठी अत्यावश्यक आहे. तसं न झाल्यास करार संपवून उरलेलं काम दुसऱ्याकडून तुमच्या जबाबदारीवर आणि तुमच्या खर्चानं करून घेतलं जाईल."

व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि पोच मिळेल अशा रीतीनं पोस्टानंही पाठवा. पत्ता बरोबर असेल आणि त्यानं पाकीट घ्यायला नकार दिला, तरी ते मिळालं असंच साधारण धरलं जातं. व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून फोन बदलताना जुनं संभाषण पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेज उडवणं हा शहाणपणा नव्हे.

भाषेबद्दल एक व्यवहाराची सूचना. पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, काँट्रॅक्टरला मराठी येत असेल तर ते उत्तमच. पण प्रकरण बेळगावच्या कोर्टात गेलं तर तिथलं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं, त्यामुळं मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागेल. शेवटची नोटीस वकिलाकडून इंग्रजीत गेली तर तो खर्च वाचतो. आणि मूळ करार कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. मालक आणि काँट्रॅक्टर दोघंही मराठी, करार मात्र दोघांनाही न वाचता येणाऱ्या छापील नमुन्यात, असली गंमत सीमाभागात नवी नाही.

करार नाहीच, तर?

पुष्कळ घरं नुसत्या शब्दावर, फार तर डायरीतल्या एका पानावर उभी राहतात. तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, अडचण पुराव्याची. बँकेतून गेलेले पैसे, कोटेशनचा कागद, मेसेज, इंजिनिअरचा नकाशा, सामान देणाऱ्या दुकानदाराची बिलं, यांतून तो उभा करता येतो. रोख दिलेल्या रकमा मात्र हवेत जातात. रोख द्यायचीच वेळ आली, तर त्याच दिवशी "आज एवढे दिले, स्लॅबचा हप्ता" असा मेसेज टाका आणि समोरून "होय" येऊ द्या. स्टँपवर करार करणार असाल आणि घर कर्नाटकात असेल, तर कर्नाटकचाच ई-स्टँप घ्या. स्टँप कमी पडला म्हणून करार बाद होत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून दाखवण्याआधी फरक आणि दंड भरावा लागतो.

मोडण्याआधीची एक पायरी

करार मोडणं महागात पडतं. नवा काँट्रॅक्टर अर्धवट काम घेताना चढा भाव सांगतो, कारण जुन्याच्या चुका त्याच्या गळ्यात येणार असतात. म्हणून नोटिशीची मुदत चालू असतानाच एकदा बसून पाहावं. काही वेळा काँट्रॅक्टरचं खरं दुखणं एवढंच असतं, की दुकानदार त्याला उधार द्यायचा बंद झालाय. तेव्हा फरशी, नळाचं सामान, वायर यांचे पैसे आपण थेट दुकानदाराला द्यायचे आणि त्याच्या बिलातून वळते करायचे, असं लेखी ठरवता येतं. कधी रंगकाम आणि दारं-खिडक्या त्याच्याकडून काढून घेऊन फक्त गिलावा-फरशी त्याच्याकडं ठेवली तर गाडं हलतं. गवंडी-मजूर थकलेली मजुरी मागायला आपल्या दारात आले, तर काँट्रॅक्टरची लेखी संमती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर तेच पैसे तो पुन्हा मागेल.

भाव वाढले म्हणून वाढीव दर मागणं हा वेगळा प्रकार. दर ठरवून घेतलेल्या कामात सळी महागली तरी ती त्याची जोखीम. करारात भाववाढीचं कलम असेल तरच वाढ मागता येते. "वाढवून दिल्याशिवाय कामाला हात लावणार नाही" असं त्यानं स्पष्ट सांगितलं, तर ते काम करायला नकार देणंच आहे. करार कायद्याच्या कलम ३९ नुसार तेवढ्यावर आपल्याला करार संपवता येतो. फक्त ते वाक्य लेखी किंवा मेसेजमध्ये मिळालं पाहिजे.

उलट, रागाच्या भरात गेटला कुलूप लावून "उद्यापासून येऊ नकोस" म्हणणारा मालक स्वतःच करार मोडणारा ठरतो. मग झालेल्या कामाचे पैसे तर द्यावे लागतातच, वर उरलेल्या कामातला बुडालेला नफाही तो मागू शकतो. ही चूक मी फार लोकांना करताना पाहिली आहे, आणि ती बहुतेक वेळा रविवारी सकाळी, चार नातेवाइकांसमोर होते.

संपवण्याचा दिवस

मुदत संपली, काम झालं नाही. आता करार संपवल्याचं पत्र द्या. त्यात कारण, आधीच्या पत्रांच्या तारखा आणि मोजमापाची तारीख-वेळ लिहा. मोजमापाला त्यालाही बोलवा. तो आला नाही तरी हरकत नाही. बोलावलं होतं हे कागदावर असणं महत्त्वाचं.

मोजमाप नोंदणीकृत, तिऱ्हाईत सिव्हिल इंजिनिअरकडून करून घ्या. आपला मेहुणा इंजिनिअर असला तरी त्याला बाजूला ठेवा. झालेलं काम, अर्धवट काम, खराब काम आणि करारात नसलेलं जादा काम, असे चार वेगळे तक्ते करायचे. काँक्रीटबद्दल शंका असेल तर सिव्हिलची प्रयोगशाळा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. हातोडीसारख्या उपकरणानं पृष्ठभागाच्या टणकपणावरून ताकदीचा अंदाज घेता येतो. त्या दिवशीचे फोटो आणि व्हिडिओ मोकळ्या हातानं काढा. पायाचं काम मातीखाली गेलेलं असतं, त्यामुळं त्या वेळचे जुने फोटो आता सोन्याच्या मोलाचे.

त्याचं सामान अडवून ठेवू नका. मिक्सर, प्लेटा, बल्ल्या, टेकू यांची यादी करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि ते घेऊन जायला तारीख द्या. "पैसे दे, मग प्लेटा ने" ही अडवणूक आपल्यावरच उलटते. एका गोष्टीत मात्र हयगय नको. नुकत्याच पडलेल्या स्लॅबखालचे टेकू रागात काढून नेऊ देऊ नका. काँक्रीटच्या कामाचं जे भारतीय मानक ४५६ आहे त्याप्रमाणं साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस राहायला हवेत. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ आणि त्याहून लांब बीमखाली २१. मध्येच स्लॅबवर पाणी मारणारं कुणी राहिलं नाही, तर ते आपण मारायचं. भांडण कुणाचंही असो, स्लॅब आपला आहे.

मे महिन्यात करार संपला तर पाऊस दारात असतो. वर आलेल्या कॉलमच्या उघड्या सळ्यांना सिमेंटचा पातळ लेप द्या, भिंतींचे माथे झाकून घ्या, प्लिंथच्या कडेला पाणी साचू देऊ नका. शहापूर-वडगावच्या काळ्या मातीत तर नाहीच. शिल्लक सिमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं तर तपासल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पोती त्याआधीच गड्ड्यासारखी होतात.

हिशेब

खरं भांडण इथं असतं. चौरस फुटाच्या दरानं हिशेब केला तर दोघंही चुकतात, कारण "बाराशेपैकी बाराशे फूट स्लॅब पडला" म्हणजे सगळं काम झालं असं होत नाही. उदाहरण घेऊ.

समजा बाराशे चौरस फुटांचं घर, सामानासह १,९०० रुपये दर. ठरलेली रक्कम २२ लाख ८० हजार. आपण दिले १५ लाख. इंजिनिअरच्या मोजमापानं झालेलं काम कराराच्या दरात ११ लाख ५० हजारांचं. म्हणजे कामाहून साडेतीन लाख जास्त गेले. उरलेलं काम कराराप्रमाणं ११ लाख ३० हजारांत व्हायला हवं होतं. नवा काँट्रॅक्टर त्याला १३ लाख सांगतो आणि वाकडा गिलावा तोडून पुन्हा करायला ४० हजार, म्हणजे २ लाख १० हजार जास्त. दोन्ही मिळून ५ लाख ६० हजार.

ताळा करून बघा. जुन्याला १५ लाख आणि नव्याला १३ लाख ४० हजार, एकूण २८ लाख ४० हजार. त्यातून मूळ २२ लाख ८० हजार वजा केले तर ५ लाख ६० हजारच उरतात. लोक इथं "जास्त दिलेले साडेतीन लाख" आणि "एकूण जादा खर्च ५ लाख ६० हजार" अशी बेरीज करून ९ लाख १० हजार मागतात. त्यात साडेतीन लाख दोनदा मोजले जातात आणि समोरच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं.

यात त्याच्या उशिरामुळं भरलेलं पाच महिन्यांचं भाडं, महिना नऊ हजारांनी ४५ हजार, मिळवा. आणि त्यानं आपल्या सांगण्यावरून बांधलेली, करारात नसलेली संपटाकी (जमिनीखालची पाण्याची टाकी) ६० हजारांची असेल तर ते वजा करा. शेवटी मागणी ५ लाख ४५ हजारांची. जादा कामाचे पैसे "लिहिलं नव्हतं" म्हणून बुडवता येत नाहीत. फुकट करायचं असं ठरलेलं नसताना केलेल्या आणि आपण वापरलेल्या कामाची भरपाई द्यावी लागते, असं कलम ७० सांगतं.

काय मागता येतं याची हद्द कलम ७३ नं घातली आहे. उशिरातून साहजिकपणे उद्भवलेलं नुकसान मिळतं. दूरचं, आडवळणाचं मिळत नाही. भाडं मिळेल. घर झालं नाही म्हणून मुलीचं लग्न कार्यालयात करावं लागलं, त्याचा खर्च दिवाणी कोर्टात मिळणं कठीण. शिवाय नुकसान कमी करण्याचा आपण प्रयत्न करायला हवा. वर्षभर घर तसंच ठेवून भाड्याचा आकडा फुगवला तर तो कापला जातो. करारात "दररोज हजार रुपये दंड" लिहिला असला तरी तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. कलम ७४ नुसार कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं.

तो ऐकतच नाही तेव्हा

पहिली धाव बहुतेक जण पोलीस ठाण्याकडं घेतात. तिथं "हे दिवाणी आहे" असं उत्तर मिळतं आणि बऱ्याचदा ते बरोबरच असतं. काम अर्धवट सोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. उचल घेतानाच काम न करण्याचा इरादा होता असं दिसलं तरच गुन्हा होतो. रेराचाही इथं उपयोग नाही. तो कायदा फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्या बिल्डरांसाठी आहे. आपल्या जागेत आपलं घर बांधून देणारा काँट्रॅक्टर त्यात येत नाही.

ग्राहक आयोग ही त्यातल्या त्यात सोपी वाट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शुल्क नाममात्र आहे: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, वरच्या उदाहरणातल्या १५ लाखांना ४०० रुपये. वकील असलाच पाहिजे असं नाही आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. मनस्तापाची भरपाईही इथं मागता येते. खाली दुकानगाळे काढून भाड्यानं द्यायचे असतील तर मात्र "व्यापारी हेतू" हा आक्षेप येणार, याची तयारी ठेवा.

सीमाभागातल्या माणसासाठी यातली एक तरतूद फार कामाची आहे. तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या गावी घर बांधणारा, पण नोकरीला पुण्यात असणारा माणूस पुण्यातल्या आयोगात जाऊ शकतो. दिवाणी दाव्याचं तसं नाही; तो प्रतिवादी राहतो तिथं किंवा व्यवहार घडला तिथं. काँट्रॅक्टर चंदगडचा किंवा गडहिंग्लजचा असला आणि घर हिंडलग्यात असलं, तर दावा बेळगावात करता येतो आणि हुकूमनामा वसुलीसाठी महाराष्ट्रातल्या कोर्टाकडं पाठवता येतो. राज्याची हद्द ओलांडली म्हणून कुणी सुटत नाही. फक्त वसुलीला वेळ लागतो.

करारात लवादाचं कलम असेल तर दिवाणी कोर्ट आपल्याला तिकडं पाठवू शकतं. ग्राहक आयोगाची वाट त्यामुळं बंद होत नाही. आणि दोघांनाही थकवा आला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. तिथं तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद येते आणि तिच्यावर अपील नाही. घर बाईमाणसाच्या नावावर असेल तर तिला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

मुदत लक्षात ठेवा. ग्राहक आयोगासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षं, दिवाणी दाव्यासाठी तीन. "बोलणी चालू आहेत" म्हणून घड्याळ थांबत नाही.

नव्या माणसाला किल्ली देताना

तडजोड झाली तर एका कागदावर लिहून घ्या: कोण कुणाला किती देणार, कधी, आणि त्यानंतर एकमेकांवर काही येणं राहणार नाही. शेवटचा वाक्यांश पैसे खात्यावर जमा झाल्यावरच लागू होईल असं लिहा. त्याच्याकडून सामानाची बिलं, बोअरच्या पंपाचं वॉरंटी कार्ड, वायरिंग आणि नळाच्या पायपा भिंतीत कुठून गेल्या त्याचा नकाशा हातात घ्या. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या परवान्याच्या मूळ प्रती त्याच्याकडं असतील तर त्याही.

नव्यानं कामाला हात लावण्याआधी स्लॅबवर कडेनं मातीचा बांध घालून दोन दिवस पाणी साचवा आणि खालून बघा. गळती दिसली तर फोटो, तारीख आणि इंजिनिअरची सही. नव्याच्या करारात वेगळं पान जोडा: इथं गळतं, इथला कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, या चौकटीला भेग आहे, एवढं जुन्याचं, पुढचं सगळं तुझं. हे पान नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल आली की नवा जुन्याकडं बोट दाखवेल आणि जुन्याशी तर आपण "काही येणं नाही" असं लिहून दिलेलं असेल.